हाडखाऊ पेशी आणि आप्पांचं लाकूड

शप्पथ घेते. पोटच्या पोरांची, देव्हाऱ्यातल्या देवांची आणि तोंडात अजून शाबूत असलेल्या माझ्या अकरा दातांची. यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझा आजा मेला तेव्हा सरण संपलं पण त्याच्या मांडीचं हाड काही जळेना, ती गोष्ट मी थोडी फुगवून सांगत असेन. आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, विहिरीतून सुसर ओढून काढली ती सुसर नव्हती, घोरपड होती, असं माझा भाऊ म्हणतो. म्हणू दे. पण ही गोष्ट तसली नाही. ही मिरजेच्या बाहेर एका प्रयोगशाळेत घडली, वीस-बावीस वर्षांपूर्वी. मी तिथं काचा धुवायला होते.

पौषातली सकाळ होती. बोटं बधिर झालेली. धुतलेल्या बाटल्यांचा ट्रे घेऊन मी आत गेले तर रेहाना मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली. ओढणी खांद्यावरून घसरून जमिनीला लागली होती, तिचं लक्ष नव्हतं.

"काय गं, आल्या का तुझ्या राक्षसिणी?"

"नाही मावशी."

"एक पण नाही?"

"एक पण नाही. चौथी खेप." तिनं डोळा काढला नाही. "बारक्या पेशी आहेत भरपूर. नुसत्या बसल्यात. लग्नाला येऊन जेवायला न उठणाऱ्या पाव्हण्यांसारख्या."

ही रेहाना बागवान. मिरजेचीच. बाप फळांच्या गाड्यावर, पोरगी डॉक्टरकी करत होती, पण ती सुई टोचायची नाही, शोध लावायची. तिचा विषय म्हणजे हाडं खाणाऱ्या पेशी. मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, गोष्टी मी सांगायच्या की तू? पण खरंच असतात त्या. आपल्या हाडात गवंडी असतात, रोज बांधतात. आणि पाडकाम करणाऱ्याही असतात, रोज जुनं पाडतात. दोघांचं जमलं तर हाड ठीक. म्हातारपणी गवंडी दमतात आणि पाडणाऱ्या मात्र जोरात असतात, मग हाडाची होते जाळी.

गंमत अशी की या पाडणाऱ्या जन्मतः तशा नसतात. बारक्या बारक्या पेशी एकमेकींत मिसळतात आणि त्यांची एक मोठी होते. वैशाखात तिनं मला दाखवली होती. रंग घातलेली, डाळिंबी, भाकरीसारखी पसरलेली, आणि पोटात पंधरा-वीस ठिपके, जणू डोळेच. मी घाबरून मागं सरले होते. वैशाखात आल्या, आषाढात आल्या, नवरात्रापर्यंत येत होत्या. दिवाळीनंतर बंद.

तेवढ्यात देशिंगकर सर आले. रेहानाचे मोठे सर. माणूस वाईट नव्हता, पण हसायचा ते दाढ दुखत असल्यासारखा.

"बागवान, काय?"

"नाही सर."

सर खुर्ची न ओढता उभेच राहिले. टेबलावरचं पेन उचललं, ठेवलं, परत उचललं.

"मे महिन्यातले फोटो आहेत ना आपल्याकडे?"

"आहेत सर."

"ते तूच काढलेत ना?"

"मीच काढलेत."

"तुझ्याच प्लेटचे?"

रेहानानं मान वर केली. मी बाटल्या फडताळात लावत होते, माझाही हात थांबला. खोलीत नुसता त्या गरम कपाटाचा घूं घूं आवाज. पेशी त्यात ठेवायचे, अंगाइतक्या उबेत.

"सर, माझ्याच प्लेटचे," ती म्हणाली. 

"हं. होळीनंतर समिती येते आहे. त्यांच्यासमोर पुन्हा दाखवता आलं नाही तर ते फोटो मला प्रबंधात नकोत. आणि फोटो नसले तर," त्यांनी पेन ठेवलं, "प्रबंध कशाचा, तूच सांग."

सर गेले. पोरगी रडली नाही. ओढणी उचलली, झटकली, आणि पाचव्या खेपेच्या प्लेटा काढायला लागली. तीन वर्षं तिनं सण पाहिले नव्हते. ईदला शिरखुर्मा डब्यात घालून आणायची आणि पेशींना खाणं घालून मग आम्ही दोघी खायचो.

दुपारी पायरीवर भाकरी खायला बसलो. मी तिला हसवायला म्हणून सांगितलं, आमच्या गावात एका म्हातारीचा गुडघा पाऊस येणार असला की शिट्टी वाजवायचा, मामलेदारसुद्धा विचारून जायचे. एरवी ती म्हणायची, कुठली शिट्टी, एसटीची का रेल्वेची? त्या दिवशी काही नाही.

"मावशी, अम्मीचा हात पूर्वी वरच्या कडीला पोचायचा," ती म्हणाली. "आता स्टूल लागतं. कमरेतून वाकलीय. मागच्या महिन्यात नुसती शिंकली आणि मणका दबला. शिंकून हाड मोडतं कुणाचं?"

"वयानं होतं बाई."

"वयानं होतं म्हणून सोडून द्यायचं तर मी इथं कशाला आले?"

मी चटणी पुढं केली. तिनं बोट लावलं, चाटलं, आणि मग एकदम बोलायला लागली, स्वतःशीच बोलल्यासारखं.

"लोखंडाला गंज चढतो ना मावशी? तसं थोडं आपल्या आतही चालतं. हवेतला जो प्राणवायू आपल्याला जगवतो, तोच कधीकधी पिसाळतो. फार पिसाळला की आतली नासधूस. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण या हाडं खाणाऱ्यांना तो थोडा लागतोच. तेवढी ठिणगी पडली की बारक्या पेशींना निरोप जातो, या, एक व्हा. ठिणगी विझवली की त्या जन्मालाच येत नाहीत. असं माझं म्हणणं आहे."

"म्हणजे पाडकामाला पण मुहूर्त लागतो."

"लागतो. आणि मुहूर्त मोडता आला, तर अम्मीसारख्यांची हाडं राहतील कदाचित. म्हणून मी अर्ध्या प्लेटांत ठिणगी विझवणारं औषध घालते, अर्ध्या तशाच. औषधवाल्यांत त्या यायला नकोत, बाकीच्यांत यायला हव्यात. आता कुठंच येत नाहीत. औषध न घालता औषध घातल्यासारखं."

"औषध कसलं असतं?"

"असतात बरीच. घरातलंच सांगायचं तर," तिनं भाकरीचा तुकडा मोडला, "आवळ्यात असतं ना, तसलं काहीतरी."

माझा घास तिथंच थांबला. 

आता मला मागं जायला पाहिजे, त्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही.

आमचे आप्पा विहिरी पाडायचे. जतकडचा कोरडा मुलूख, तिथं पाणी काढून देणारा माणूस म्हणजे देव. पाणी लागलं, तळ बांधायला आला की आप्पा आवळ्याच्या लाकडाचं कडं करून तळाशी बसवायचे. पाणी गोड राहतं, शेवाळ धरत नाही, नासत नाही. मालक विचारायचा, दगड आहे की, लाकूड कशाला? आप्पा म्हणायचे, पाण्याला सोबत लागते. त्यांनी स्वतःच्या हिमतीवर पाडलेल्या पहिल्या विहिरीच्या कड्यातून वीतभर लाकूड उरलं होतं. माझ्या लग्नात सोनं द्यायला नव्हतं, ते लाकूड दिलं. म्हणाले, वेणू, जिथं जाशील तिथलं पाणी चांगलं ठेव.

तर प्रयोगशाळेत वाफेचं गाळीव पाणी असायचं. मोठा कॅन, खाली तोटी. सगळ्या प्रयोगांना तेच. पेशींचं खाणं त्याच पाण्यात कालवायचे. तो कॅन माझ्या ताब्यात. नवरात्रात सरांनी त्यात हिरवट शेवाळाची रेघ बघितली आणि चार जणांसमोर मला बोलले. वेणूबाई, एवढं एक काम आहे तुम्हाला, आणि तेही. मला फार लागलं ते. आप्पांची पोरगी मी, आणि माझ्या पाण्याला शेवाळ?

दिवाळीची सुट्टी संपली तशी मी कॅन घासला, उकळत्या पाण्यानं धुतला आणि आप्पांचं लाकूड आत सोडलं. शेवाळ धरायचं नाव नाही. सर म्हणाले, बघा, लक्ष दिलं की राहतं स्वच्छ. मी नुसती हसले. दोन महिने ऐटीत होते. पाण्याला किंचित पिवळी झाक आली होती, पण पेशींचं खाणं असतं गुलाबी, त्यात कुणाला दिसणार? जंतू जाऊ नयेत म्हणून ते बारीक गाळणीतून गाळायचे. आवळ्याचा अर्क थोडाच गाळला जातो?

तीन वर्षांचं पोरीचं काम मी माझ्या ऐटीपायी पाण्यात घातलं होतं.

त्याच संध्याकाळी सगळे गेल्यावर लाकूड काढलं, पदरात गुंडाळलं, घरी नेलं आणि सकाळच्या बंबात घातलं. जळताना बघत बसले. कॅन दहा वेळा धुतला, नवं पाणी भरलं. आणि मनाला म्हटलं, वेणू, आता गप्प बस. नव्या पाण्यात त्या आपोआप येतील, पोरगी खूश, कुणाला पत्ता नाही.

दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत फरशी पुसत होते. रेहाना समोर उभी.

"मी असं सुचवतो," सर म्हणाले, "की तू लिहून दे. मे ते ऑक्टोबरचे निकाल पुन्हा मिळवता आले नाहीत, सबब मागे घेते. स्वतःहून दिलंस तर बरं दिसेल."

"पुढच्या खेपेला आल्या तर, सर?"

"आल्या तर आणखी वाईट. वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात. कारण सांगता येत नाही. अशा निकालावर मी तरी विश्वास ठेवणार नाही."

म्हणजे माझं गप्प बसणं काही उपयोगाचं नव्हतं. त्या परत आल्या तरी पोरगी खोटीच ठरत होती. मी फडकं बादलीत टाकलं.

"सर, ते मी केलं," म्हटलं आणि सगळं सांगितलं. विहीर, कडं, शेवाळ, कॅन, सगळं.

सरांनी शांतपणे ऐकलं. मग ते दाढदुखीचं हसू.

"वेणूबाई, मन मोठं आहे तुमचं. पण गेल्या आठवड्यात तुमच्या वडिलांनी सुसर काढली होती. त्याआधी आजोबांचं हाड. आता हे लाकूड."

"हे खरं आहे, सर."

"सुसर पण खरीच होती ना?"

होती म्हटलं तर मेले, नव्हती म्हटलं तरी मेले.

"बरं, लाकूड कुठाय? आणा, बघू."

"बंबात जाळलं. भीतीनं."

सरांनी रेहानाकडं बघून दोन्ही हात पसरले. रेहाना माझ्याकडं बघत होती, आणि तो राग मी तिच्या डोळ्यांत आधी कधी पाहिला नव्हता.

"मावशी, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस," ती म्हणाली. "आधीच मला खोटी म्हणतायत. त्यात तुझी भर नको."

जन्मभर थापा मारल्या, लोक पोट धरून हसले, मला वाटायचं केवढी कमाई. त्या दिवशी कळलं, खरं बोलायची पाळी येते तेव्हा गाठीला काहीच नसतं.

पण मी पण विहिरी पाडणाऱ्याची पोरगी. दगड लागला म्हणून घरी जात नाही.

"सर, माझ्यावर विश्वास ठेवू नका," म्हटलं. "तुमच्या पेशींवर ठेवा. दोन बाटल्यांत पाणी घ्या. एकीत आवळ्याचं लाकूड चार दिवस भिजवू. दुसरी कोरी, म्हणजे नुसतं पाणी. एकीवर मी सूर्य काढते, एकीवर चंद्र. कशात काय ते चिठ्ठीवर लिहून, घडी घालून तुमच्याकडं देते, मोजून होईपर्यंत उघडायची नाही. रेहानाला सांगायचं नाही. तिनं दोन्हीत खाणं कालवायचं, पेशी लावायच्या. मोजायच्या तुम्ही."

सरांनी खुर्ची पुढं ओढली.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तुम्हीच. रोज ओरडत असता की पोरांवर."

टाकळीच्या रस्त्याला आवळ्याचं झाड आहे. तिथनं वीतभर लाकूड आणलं, सरांच्या डोळ्यांसमोर पाण्यात घातलं. त्यांनी विचारलं, "जळलं ते असंच होतं?" म्हटलं, "हुबेहूब."

चार दिवसांनी सगळे गेल्यावर मी लाकूड काढलं, बाटल्यांना कागद गुंडाळला आणि वर खुणा केल्या. पहिली खेप फुकट गेली. भारनियमन होतं तेव्हा, सहा तास वीज नव्हती, गरम कपाट थंड पडलं आणि सगळ्याच पेशी मेल्या. दुसरी लावली. ते दिवस रेहाना माझ्याशी कामापुरतंच बोलायची. डबा एकटी खायची. मी पायरीवर बसायचे, ती आत. मी शेंगदाण्याची चटणी तिच्या टेबलावर ठेवून यायचे, संध्याकाळी वाटी तशीच परत. सरांनी लाकूड मागितल्यापासून एकूण बावीस दिवस गेले. मी मोजलेत.

बाविसाव्या दिवशी सर स्वतः मायक्रोस्कोपला बसले. हातात ते टिकटिक करून मोजायचं यंत्र. आधी चंद्राची प्लेट. टिक. मग कितीतरी वेळ काही नाही. टिक. टिक. सर म्हणाले, "तीन."

मग सूर्याची. टिक टिक टिक टिक, कढईत लाह्या फुटाव्यात तसं. मी दाराशी उभी होते. रेहानानं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. यंत्र थांबलं तेव्हा सर म्हणाले, "एकशे बेचाळीस."

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून उघडली. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर. चंद्र, आवळा. सूर्य, कोरं पाणी. दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला, परत घातला. माफी मागणं काही त्या माणसाला जमायचं नाही. पण ते उठले, स्वतःची खुर्ची रेहानाच्या मागं सरकवली आणि म्हणाले, "बागवान, बस. मे महिन्याचे फोटो बाहेर काढ. पहिल्या प्रकरणात लागतील."

ती बसली. मायक्रोस्कोपला डोळा लावला. आणि तेव्हा रडली, तशीच डोळा लावून, काच भिजेपर्यंत. सर खिडकीबाहेर बघत राहिले. मी आपली काच पुसायला कापूस शोधत होते, कारण ते काम माझंच होतं.

होळीनंतर समिती आली, गेली. पोरगी डॉक्टर झाली. माझ्या पाण्याच्या कॅनला कुलूप लागलं, किल्ली सरांकडं. रास्तच होतं. त्यांनी मला काढलं नाही, उलट नवीन पोरं आली की म्हणायचे, वेणूबाईंना विचारल्याशिवाय पाण्याला हात लावू नका, आणि वेणूबाईंनाही लावू देऊ नका.

डबा आम्ही परत पायरीवर खायला लागलो. तिनं वाटीतली चटणी संपवली, बोटानं कडा पुसली आणि म्हणाली, "मावशी, ती शिट्टी कुठली होती? एसटीची का रेल्वेची?"

"रेल्वेची," म्हटलं. "मीटरगेज."

आता एक कबूल करते. सांगायचं नव्हतं, पण अकरा दातांची शप्पथ घेतलीय आणि त्यातला एक हलतोय.

ते बंबाचं खोटं आहे.

लाकूड मी जाळलं नव्हतं. हात धजला नाही. आप्पांनी दिलेली एकच वस्तू, ती कशी जाळू? ट्रंकेत लुगड्याखाली ठेवलं होतं. सरांनी आणा म्हटलं तेव्हा वाटलं, हे बाटलीत घालतील, वर चिठ्ठी चिकटवतील, कपाटात ठेवतील आणि मला परत मिळायचं नाही. म्हणून तोंडातून निघून गेलं, जाळलं. टाकळीच्या रस्त्याला कुठला आलाय आवळा? बाभळी आहेत. सरांच्या डोळ्यांसमोर बाटलीत घातलं ते आप्पांचंच होतं. तेच होतं, म्हणून तर हुबेहूब म्हटलं. चार दिवसांनी बाटलीतून काढलं तेव्हा गुपचूप परत घरी नेलं.

पण तेव्हाच दाखवलं असतं, तर त्या पोरीनं मला खोटी समजून बावीस दिवस काढले नसते. खरं सांगायला गेले आणि त्यातही एक खोटं घातलंच.

तुम्हालासुद्धा मी आज बंबच सांगितला. सवय.

गेल्या कार्तिकात रेहाना आली होती. केस पिकलेत, मोठी बाई झालीय, अम्मी गेली तिची. उन्हातून आली म्हणून स्वतःच उठून माठातलं पाणी घेतलं. प्याली, परत घेतलं. मग झाकण हातात तसंच धरून माठात वाकून बघत राहिली.  आतल्या पाण्याला किंचित पिवळी झाक होती.

तिनं झाकण हळूच ठेवलं, ओढणीनं तोंड पुसलं आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

"मावशी," म्हणाली, "तुझा तो बंब विकायचा असला तर मला दे गं. घातलेलं लाकूड परत देणारा बंब मी अजून कुठं पाहिला नाही."